दुसरा निरीक्षक

सकाळी सात वाजून एकेचाळीस मिनिटांनी वंदनाबाईंनी नवऱ्याची बाही ओढली, आणि श्रीकांत कडूंनी घड्याळाकडे पाहिलं.

"अहो, तो पाहा! इकडे, इकडे!"

त्यांनी मान वर करून डावीकडे पाहिलं, तेव्हा तिथे पाणी होतं. होडीच्या दीडपट लांबीचा एक गुळगुळीत पट्टा तेवढा पडलेला होता, पाण्यावर तेल सांडावं तसा. आजूबाजूच्या बारीक लाटा त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबत होत्या. मग पट्टा मोडला आणि समुद्र सगळीकडे सारखा झाला.

होडीत चौघं होती. मागच्या टोकाला नावाडी रवळू पालथा होऊन पंख्यात अडकलेलं कुणाचं तरी फाटकं जाळं कापत होता. कॅम्पवर समुद्री प्राण्यांच्या नोंदी ठेवणारी निशा एका हाताने त्याच्या कमरेचा पट्टा धरून, दुसऱ्या हाताने कापलेलं जाळं आत ओढत होती. इंजिन बंद होतं. दोघांचीही डोकी पंख्यावर वाकलेली होती.

"काय झालं, काकू?"

"देवमासा. आत्ता होता. खाली गेला."

"खंय?" रवळूने दातांत धरलेली सुरी काढली.

वंदनाबाईंनी बोट दाखवलं. बोट स्थिर होतं.

"काकांनी पाहिला?" निशाने विचारलं.

कडूंनी घड्याळाचा हात मांडीवर ठेवला.

होडी तिथेच थांबली. श्वास घ्यायला तो पुन्हा वर येईल, दहा मिनिटांत, फार तर पंधरा, असं निशा म्हणाली. कडूंनी पंधरा मिनिटं मोजली, मग आणखी पंधरा. त्यांनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं तेव्हा रवळू म्हणाला, "काका, तो काय तुमच्या घड्याळार चलता?" वंदनाबाई हसल्या. सव्वाआठला वारा उठला आणि रवळूने इंजिन सुरू केलं.

कॅम्पवरचा तो त्यांचा तिसरा आणि शेवटचा दिवस होता.

बुऱ्हाणपूरहून कल्याण, तिथून कणकवली, पुढे जीप आणि शेवटचा पाऊण तास पायी, असे ते दोघं या कड्यावर पोचले होते. सहा तंबू, झावळ्यांनी शाकारलेली जेवणाची पडवी, सूर्यावर चालणारे चार दिवे. माणशी दिवसाला दोन बादल्या पाणी. साबण, प्लास्टिक आणि मोठा आवाज यांना बंदी. संडासात पाण्याऐवजी भाताचं तूस टाकायचं. आठनंतर समुद्राच्या बाजूला उजेड करायचा नाही. फोनला रेंज नाही. मुलीने, तृप्तीने, हे सगळं पुण्यात बसून ठरवलं होतं आणि आईला सांगितलं होतं, "मम्मी, अब नहीं तो कब? तू फक्त हो म्हण."

वंदनाबाई बुऱ्हाणपूरजवळच्या जसोंडीच्या प्राथमिक शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवत होत्या. समुद्रातल्या प्राण्यांचा धडा आला की देवमासा केवढा असतो हे सांगायला त्या पोरांना मैदानात नेत, आणि कडूनिंबापासून हातपंपापर्यंत फक्कीची रेघ मारत. चौदा मीटर. मग त्या रेघेवर पोरांना डोक्याला पाय लावून झोपवत. दर वर्षी एखादं पोरगं विचारायचंच, मॅडम, तुम्ही पाहिला? "पाहणार आहे," असं त्या सांगत.

"तुमच्या खात्यात असते तर कधीच घरी बसवलं असतं मले," त्या नवऱ्याला म्हणायच्या. "न पाहता शिकवून राहिले ना मी."

कडूंचं काम पाहण्याचंच होतं. तापीच्या घाटावर पाण्याची पातळी वाचायची. पायऱ्यांच्या कडेला मीटर आणि सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या पट्ट्या उभ्या केलेल्या होत्या. दिवसातून तीनदा खाली उतरायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, वर कळवायचा. पूर असेल तर दर तासाला. आकडा लिहिण्याआधी वेळ पाहायची, कारण वेळेशिवाय आकड्याला अर्थ नाही. ही सवय चौतीस वर्षांची होती. निवृत्तीनंतरही कुकरची शिट्टी झाली, दारावर कुणी आलं, तरी त्यांची नजर आधी मनगटावर जाई.

कॅम्पच्या पडवीत एका लाकडी स्टँडवर निशाची नोंदवही होती. तारीख, वेळ, दिशा, अंतर, वर्णन, पहिला निरीक्षक, दुसरा निरीक्षक, शेरा. दोघांच्या सह्या असल्याशिवाय नोंद पूर्ण होत नसे. महिनाअखेर ही पानं गोव्यातल्या एका अभ्यासगटाकडे जात.

"पाहुण्यांना लाटेलाही शेपूट दिसतं," निशाने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "म्हणून दोन सह्या."

"असंच पाहिजे," कडू म्हणाले होते.

त्याच संध्याकाळी पुण्याचा एक तरुण कड्याच्या टोकावरून धावत आला. त्याने शेपूट पाहिलं होतं, पाण्याबाहेर, अगदी पोस्टरवर असतं तसं. त्याची बायको तंबूत होती. कड्यावर त्याच्याशिवाय फक्त कडू उभे होते. "काका, प्लीज, सही करा ना. तुम्ही तिथेच तर होता."

"होतो. पण मी पाहिलं नाही."

मुलगा निघून गेला. जेवताना तो कडूंच्या समोर बसला नाही.

"करायची होती सही," वंदनाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "किती हौसेने आला होता बिचारा."

"हौसेचा रकाना नाही त्या वहीत."

"आणि असता तरी तुम्ही कोरा ठेवला असता."

त्या रात्री निशाने पडवीत सगळ्यांना बसवून या किनाऱ्यावर येणाऱ्या देवमाशाची माहिती सांगितली. पावणेआठला सुरुवात झाली. आठ वाजता कडूंनी बायकोकडे पाहून मान हलवली आणि वंदनाबाई उठून तंबूत गेल्या. आठ वाजता डाव्या डोळ्यात थेंब घालायचे असत. थेंब घातल्यावर दहा मिनिटं डोळे मिटून पडायचं असे.

उजव्या डोळ्याला दिसत नव्हतं. डाव्याला समोरचं दिसे, कडेचं जात चाललं होतं. त्यामुळे वंदनाबाई चालताना, बसताना कडू नेहमी उजवीकडे राहत आणि तिकडची बाजू सांभाळत. होडीतही ते उजवीकडेच बसले होते आणि सात एकेचाळीसपर्यंत उजवीकडेच पाहत होते.

कड्यावर चढायला एकशे बारा पायऱ्या होत्या. रवळूने वंदनाबाईंचा हात धरला.

"काकी, जाताना आमची केळी घेवन जावा."

"ही? ही केळी म्हणजे आमच्याकडच्या केळ्यांची पिल्लं आहेत, भाऊ."

"तुमची केळी ट्रकात घालूक, आमची तोंडात घालूक."

वंदनाबाई पुन्हा हसल्या. कडू मागून येत होते. त्यांना हसू ऐकू येत होतं. पायऱ्यांवर समुद्राची बाजू उजवीकडे होती, तरी आज बायको तिकडे वळून पाहत नव्हती, हेही त्यांनी पाहिलं. गेले दोन दिवस ती प्रत्येक वळणावर थांबून, मान पूर्ण फिरवून समुद्र शोधत होती.

पडवीत कुणी नव्हतं. वाशाला टांगलेला दिवा दिवसाचा विझलेला होता. कडू त्याच्याखाली बाकावर बसले.

तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात वर धरणातून पाणी सोडलं होतं आणि सकाळी अकरापासून तापी तासाला हातभर चढत होती. बदली माणूस पलीकडच्या काठावर अडकला होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास वंदनाबाई डबा घेऊन घाटावरच्या खोलीत आल्या. डबा ठेवला आणि कपाळ धरून खुर्चीत बसल्या.

"डोकं फुटून राहिलं माझं. आणि हा बल्ब पाहा ना. त्याच्याभोवती रंग दिसून राहिले. गोल गोल, इंद्रधनुष्यासारखे."

कडूंनी पेन्सिल थांबवली आणि बल्बकडे पाहिलं. नीट पाहिलं.

"काही नाही. साफ आहे बल्ब."

"मले दिसून राहिले ना."

"उपाशी असशील. घरी जाऊन पड."

आठ वाजले होते. त्यांनी टॉर्च घेतला आणि खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत त्यांनी एकही रीडिंग चुकवलं नाही, एकही अंदाजाने लिहिलं नाही. त्या आकड्यांवरून नदीकाठच्या वस्त्यांतली माणसं वेळेत वर हलवली गेली. घरी वंदनाबाईंना रात्रभर उलट्या होत होत्या. शेजारच्या मालूबाईंनी पित्त समजून लिंबाचं पाणी दिलं. जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंकडे पोचेपर्यंत आतला दाब वाढून उजवा डोळा गेला होता. तपासून झाल्यावर बाईंनी विचारलं की दिव्याभोवती वलयं दिसत होती का, कधीपासून, आणि घरात कुणाला सांगितलं होतं का. वंदनाबाई म्हणाल्या, "आठवत नाही."

बल्बचा विषय त्यांनी नंतर कधी काढला नाही. कडूंनीही काढला नाही. फक्त रोज संध्याकाळी दिवा लागला की ते विचारत, "दिव्याभोवती काही?" आणि त्या म्हणत, "नाही." हे ते एका वहीत लिहीत, थेंबांच्या वेळांखाली.

निशा ओले केस पुसत आली. तिने नोंदवही उघडली आणि वंदनाबाईंना स्टँडजवळच्या स्टुलावर बसवलं.

"काकू, घाई करू नका. जे पाहिलं तेवढंच सांगा."

"आधी आवाज आला. कुणी दमून सुस्कारा टाकतं ना, तसा. मला वाटलं रवळूभाऊच आहेत. मग पाठ आली वर. काळी, ओली, लांब. संपतच नव्हती. डोकं आधी आलं, चपटं, आणि त्याच्यावर तीन उभ्या रेघा. केळीच्या पानाला मधली शीर असते ना, तशा उठलेल्या, पण तीन. मग सगळ्यात शेवटी, खूप मागे, एक छोटा पंख. विळ्यासारखा. आणि गेला."

"शेपूट?"

"शेपूट नाही दिसलं."

निशाचं पेन थांबलं. तिने कडूंकडे पाहिलं, पुन्हा वंदनाबाईंकडे.

"तीन रेघा फक्त याच जातीला असतात," ती म्हणाली. "आणि तो शेपूट बाहेर काढत नाही सहसा." तिच्या आवाजात काहीतरी उजळलं आणि लगेच तिने ते आवरलं. "पण काकू, हे मी पहिल्या रात्री सांगितलं होतं. रेघांचं, पंखाचं. तुम्ही होता ना तेव्हा?"

"होते थोडा वेळ. मग थेंब घालायला गेले. हे तू सांगितलंस का? मला आठवत नाही."

निशा कडूंकडे वळली. "काका, तुम्ही शेवटपर्यंत होता. रेघांचं मी काकू उठायच्या आधी सांगितलं की नंतर?"

कडूंनी आठवून पाहिलं. पावणेआठ. दिवा. निशाच्या हातातलं चित्र. आठ वाजता त्यांनी मान हलवली होती. वेळ त्यांना पक्की आठवत होती. त्या वेळी चित्रात काय होतं ते आठवत नव्हतं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

"सुस्काऱ्याचा आवाज?"

"आवाज मी पण ऐकला. मलाही रवळूच वाटला."

"पाण्यावरचा गुळगुळीत पट्टा?"

"तो पाहिला."

"पट्टा प्रवाहानेही पडतो," निशा म्हणाली. तिने वेळ, दिशा, अंतर, वर्णन लिहिलं. पहिल्या निरीक्षकाच्या रकान्यावर बोट ठेवून वही वंदनाबाईंपुढे केली. त्यांनी वाकून, डावा डोळा कागदाजवळ नेऊन, शाळेच्या हजेरीत करत तशी पूर्ण नावाची सही केली.

दुसऱ्या निरीक्षकाचा रकाना रिकामा राहिला. निशाने पेन पुढे केलं नाही. ते तिने वहीच्या मधोमध ठेवून दिलं.

"एका सहीवर नाही जात का?" वंदनाबाईंनी विचारलं.

"इथे राहते, काकू. पुढे धरत नाहीत."

"मग राहू दे. मला दिसला, झालं." त्या उठल्या. "अहो, बॅगा भरायच्या आहेत. दहाला उतरायचं आहे ना खाली? तुम्ही या सावकाश."

त्या पडवीतून बाहेर पडल्या. कोपऱ्यातला खांब उजव्या बाजूला होता. त्यांचा खांदा त्याला लागला. त्यांनी हाताने खांब चाचपला आणि पुढे गेल्या. कडू अर्धे उठले होते, ते पुन्हा बसले.

निशा जाळ्याचे तुकडे मोजून पोत्यात भरू लागली. पुण्याचा तरुण चहाचा कप घेऊन आत आला, कडूंना पाहून थबकला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

कडूंनी खिशातून चष्मा काढला. वही स्वतःकडे ओढली. वंदनाबाईंचं वर्णन निशाच्या अक्षरात त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग दुसऱ्या निरीक्षकाच्या रकान्यात सही केली, खाली रेघ मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: 'वेळ ७.४१. वेळ मी पाहिली आहे.'

निशाने ते वाचलं.

"काका, यावर ते विचारतील."

"विचारू दे."

बाहेर जाताना त्यांनी पुण्याच्या तरुणाजवळ क्षणभर पाय थांबवले. त्याला काही म्हणावं असं त्यांना वाटलं असावं. तो फोनमधले फोटो पाहत होता. ते तसेच पुढे गेले.

बुऱ्हाणपूरला परतल्यावर अकराव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, अभ्यासगटाचा निरोप फोनवर आला. नोंदीचा क्रमांक होता आणि खाली प्रश्न होता: दुसऱ्या निरीक्षकाने प्राणी प्रत्यक्ष पाहिला का? हो किंवा नाही कळवावं. सात दिवसांत उत्तर न आल्यास नोंद अपुष्ट धरली जाईल.

कडूंनी तो बायकोला वाचून दाखवला. त्या ओट्यावर हाताने चाचपून मेथी निवडत होत्या.

"म्हणजे तुम्ही सही केली होती?"

"हो."

मेथीची जुडी त्यांच्या हातात तशीच राहिली. मग त्या म्हणाल्या, "'नाही' लिहून टाका. खरं आहे ते लिहा. चौतीस वर्षांत नाही केलं ते आता माझ्यापायी कशाला?"

"पाहू. सात दिवस आहेत."

"एका देवमाशासाठी सात दिवस!" त्या म्हणाल्या. "तुम्ही ना, दिल्लीचं सरकार आहात."

फोन टेबलावर राहिला. संध्याकाळी पावणेसातला गल्लीत दिवे लागले. कडूंनी खोलीचा दिवा लावला, वही काढली, पेनाचं टोपण उघडलं.

"दिव्याभोवती काही?"

त्यांनी मान वर केली. वंदनाबाई दिव्याकडे पाहत होत्या. त्यांनी डोळा मिटला, उघडला, पुन्हा पाहिलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "बारीकसं. हिरवं, त्याच्या बाहेर लाल. का मलेच भास होऊन राहिला, काय माहीत. दुखत तर नाही. उद्या सकाळी पाहू—"

पेन वहीवर आडवं पडलं. कडूंनी कपाटातून तपासण्यांची फाइल घेतली, थेंबांची बाटली आणि टेबलावरचा फोन खिशात घातला आणि गॅलरीतून समोरच्या नीलेशला हाक मारली. नीलेशकडे गाडी होती.

"जळगाव. आत्ता."

"काका, चहा पिऊन निघतो की. एक दस मिनिट."

"आत्ता, बेटा."

जिना उतरताना ते बायकोच्या उजवीकडे होते. डॉक्टरीण बाईंना गाडीतून फोन लागला. सरळ या, त्या म्हणाल्या, कुठे थांबू नका, मी दवाखान्यात आहे. काय दिसतंय, किती वेळापासून, हे त्यांनी विचारलं. कडूंनी बायकोचे शब्द जसेच्या तसे सांगितले: बारीकसं, हिरवं, त्याच्या बाहेर लाल. किती वाजता, हे त्यांना सांगता आलं नाही.

"पावणेसातच्या पुढे," ते म्हणाले. "घड्याळ पाहिलं नाही."

गाडी गावाबाहेर पडली. दोन्ही बाजूंना केळीचे मळे काळे होत चालले होते.

"बल्ब तरी पाहून घ्यायचा होता," वंदनाबाई म्हणाल्या. "साफ असला तर? एवढी धावपळ फुकट जाईल."

"बेल्ट लाव."

त्यांनी चाचपून बेल्ट ओढला. खाच सापडेना. कडूंनी तो लावून दिला आणि हात तिथेच राहू दिला.

रावेरच्या पुढे केळीच्या ट्रकांची रांग लागली होती. नीलेशने आरसा बघून गाडी कडेला घेतली आणि हॉर्न दाबून धरला. समोरच्या ट्रकचे मागचे दिवे पेटले. वंदनाबाईंनी त्या दिव्यांकडे पाहिलं आणि डोळा मिटून घेतला.

जळगाव अजून तासाभराहून लांब होतं. फोन पुण्याहून आलेल्या तृप्तीच्या कॉलने एकदा वाजून थांबला. त्यावर दुपारचा निरोप तसाच उघडा होता, खाली हो आणि नाही. उत्तर गेलेलं नव्हतं.